झाकलेल्या यंत्रांचा वर्ग

देवरे सरांच्या वर्गात पहिले पंधरा दिवस संगणक झाकलेले असत. मांजरपाटाची पांढरी आवरणे, कडेने निळी गोट. ती सरांच्या पत्नीने धुळ्याला घरी शिवली होती. खोलीत सहा टेबले, टेबलांवर सहा आवरणे, आणि समोरच्या बाकांवर संगणक शिकायला आलेली मुले, हातात पेन्सिल आणि चौकटींची वही. शाळेत गणिताला असते तीच. एका चौकटीत एक अक्षर. आधी आज्ञा लिहायची, मग तिच्यावर बोट ठेवून स्वतःच यंत्र व्हायचे आणि ती पाळायची. आकडा कुठे ठेवला, कशात मिळवला, पुढच्या ओळीवर गेलो की मागे फिरलो, हे सगळे समासात नोंदत जायचे.

"सर, कापड केव्हा उघडणार?" कोणीतरी रोज विचारी.

"तुझा कागद चालला की."

"कागद कसा चालंल, सर?"

"बोटानं."

मुले हसत. सर हसत नसत. त्यात रागही नसे. फार दिवस तेच उत्तर देत आलेल्या माणसाच्या आवाजात जो एक सपाट, मवाळ थकवा असतो, तो त्यांच्या आवाजात कायमचा मुरलेला होता.

हा वर्ग एका महाविद्यालयात भरे, आणि मी तिथल्याच ग्रंथालयात साहाय्यक होते. मराठी कविता घेऊन एम. ए. झाले होते, आणि जळगावात त्या पदवीला जेवढी जागा मिळणे शक्य होते तेवढी मला मिळाली होती. नव्वदीच्या सुरुवातीला ग्रंथालयाचे संगणकीकरण करायचे ठरले, आणि 'बाईंचे अक्षर चांगले आहे' या एकमेव कारणासाठी मला सरांच्या सकाळच्या वर्गाला बसवण्यात आले.

वर्ग साडेसहाला भरे. दहानंतर ऊन भिंतींतून आत यायला लागे आणि त्या यंत्रांना ते सोसत नसे. खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते. शिपाई नाना पहाटे त्यांच्यावर पाणी मारून ठेवत. वाळ्याचा ओला वास, त्यात तापू लागलेल्या प्लॅस्टिकचा वास, आणि कोपऱ्यात व्होल्टेज सांभाळणाऱ्या पेटीची अखंड घरघर. आजही कुठे वाळ्याचे सरबत समोर आले की मला कळफलकाची आठवण होते.

सर उंच, किडकिडीत. अर्ध्या बाह्यांचा सायीच्या रंगाचा बुशशर्ट, त्याच्या खिशाच्या कडेला खडूची धूळ. घर धुळ्याला. आठवडाभर जळगावात एका खोलीत राहत, शनिवारी दुपारच्या एसटीने परत जात. सोमवारी धुळ्याहून पहिली गाडी पकडून थेट वर्गावर येत, तेव्हा वर्ग थोडा उशिरा सुरू होई. पारोळा, एरंडोल असा सगळा रस्ता त्यांच्या पापण्यांवर बसलेला दिसे. डोळे लाल. बसमध्ये ते झोपत नसत. मांडीवर वही ठेवून त्या चौकटी भरत. खड्डा आला की अक्षर चौकटीबाहेर जाई. ते खोडून, पुन्हा नीट चौकटीत बसवलेले असे. मी एकदा म्हटले, "सर, गाडीत तरी डोळे मिटायचे."

"ताई, गाडीत मशीन नसतं ना. म्हणूनच तिथं काम होतं."

ही यंत्रे म्हणजे कळफलकाच्या पोटातच सगळा संगणक, पडद्याऐवजी जुना कृष्णधवल टीव्ही, आणि लिहिलेले साठवायला घरोघरी गाणी ऐकायला असे तसला टेपरेकॉर्डर. स्मृती चौसष्ट के, म्हणजे जेमतेम पासष्ट हजार अक्षरांएवढी. चौसष्ट हा आकडा मला तोवर फक्त कलांमुळे माहीत होता. त्यातलीही बरीच जागा यंत्र स्वतःसाठी ठेवून घेई. उरलेल्यात आपला संसार. म्हणून सर प्रत्येक अक्षर मोजून वापरत. अनावश्यक शब्द दिसला की पेन्सिलीचे टोक त्यावर टेकवून नुसते पाहत राहत, समोरच्याने तो स्वतः खोडेपर्यंत. मला म्हणाले, "तुम्ही मात्रा मोजता ना? मग हेही मोजा. एक जास्त झाली की ओळ पडते. इथंही तसंच." माझ्या पदवीचा काही उपयोग आहे असे कोणी मला सांगण्याची ती पहिली वेळ होती.

नावांना एकच अक्षर द्या, असे ते सांगत. आणि वर्ष लिहिताना शेवटचे दोनच आकडे. "एकोणीस कशाला लिहिता दर वेळी? दोन घरं फुकट. शतक काय पळून चाललंय?" घर म्हणजे स्मृतीतली एका अक्षराची जागा. हा शब्द त्यांचाच.

कॅसेटवरून आज्ञावली यंत्रात भरताना एक आवाज येई, आधी लांब शीळ, मग दाट, खरखरीत, न थांबणारी किरकिर. मुले कानांत बोटे घालत. सर मान किंचित कलती करून ऐकत. एकदा किरकिर मध्यावर आली असताना म्हणाले, "बंद करा. बिघडली." यंत्राने अजून काहीच तक्रार केली नव्हती. मुलांनी हट्टाने शेवटपर्यंत चालू ठेवली, आणि शेवटी पडद्यावर चूक दाखवणारी ओळ उमटली. मी विचारले, "तुम्हाला कसं कळलं?" ते म्हणाले, "मध्येच श्वास घेतला तिनं. तुमच्यात काय म्हणतात त्याला?" मी म्हटले, "यतिभंग." तो शब्द त्यांना आवडला. पुढे वर्षभर, कॅसेट अडकली की नानांना हाक जाई, "नाना, दुसरी कॅसेट आणा, हिचा यतिभंग झाला." नाना तो शब्द 'येतीभंग' असा म्हणत आणि एखादा रोग असावा तशा चेहऱ्याने ती कॅसेट उन्हात नेऊन ठेवत.

मग नवी यंत्रे आली. रंगीत पडदे, आत फिरणारी तबकडी, स्मृतीला अंत नाही असे वाटावे इतकी जागा. खोकी व्हरांड्यात येऊन पडली आणि ठेवायला खोली नव्हती. प्राचार्यांनी सरांना बोलावले. मी पुस्तकांच्या यादीवर सही घ्यायला तिथेच उभी होते.

"देवरे सर, तुमची खोली मोकळी करावी लागेल. ती जुनी डबडी आता भंगारात."

"एक विनंती आहे, सर. पहिले सहा महिने मुलांना जुन्यावर शिकू द्या. मग नव्यावर बसवू."

"का पण? ज्याला मोटार चालवायचीय त्याला आधी बैलगाडी कशाला?"

"जुन्यावर चूक परवडत नाही. त्यामुळं मूल आधी विचार करतं."

"हे तुम्ही म्हणता." प्राचार्य तसे वाईट गृहस्थ नव्हते, त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला व्यवस्थापन मंडळाला दाखवायला काहीतरी हवं. एक वर्ष घ्या. नवी यंत्रं तोवर वाचनकक्षात मांडू. तपासून बघा, आणि लेखी अहवाल द्या. तुमचं म्हणणं खरं निघालं तर खोली राहील."

खोलीबरोबर आणखी काय राहणार होते, हे कोणी उच्चारले नाही. सरांची पदवी गणिताची. त्यांची नेमणूक त्या सहा यंत्रांच्या प्रयोगशाळेवर झाली होती. यंत्रे गेली की नेमणूक संपणार. हे प्राचार्यांना ठाऊक होते, सरांना ठाऊक होते, आणि नानांनाही.

नव्या सत्रात सरांनी सगळ्या मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या करून आपल्या जेवणाच्या डब्यात टाकल्या आणि नानांकडून एकेक उचलायला लावली. ही चिठ्ठी जुन्याकडे, पुढची नव्याकडे. मी हळूच म्हटले, "हुशार मुलं थोडी आपल्याकडे ओढायची, सर." त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मीच डब्याचे झाकण लावून टाकले.

जुन्याकडे आलेल्यांत नसरीन होती. तिचे वडील बाजारात घड्याळे दुरुस्त करत, आणि तिच्या बोटांतही तो वारसा होता. पेन्सिलीला टोक काढतानासुद्धा ती श्वास रोखून धरी. नव्याकडे गेलेल्यांत असोद्याचा गिरीश. तो पहाटे केळीच्या बागेतून थेट मोटारसायकलवर येई. केळीचा चीक लागून त्याच्या प्रत्येक सदऱ्यावर तपकिरी डाग पडलेले. ते धुऊन निघत नाहीत. तो त्या डागांसकट खुशाल रंगीत पडद्यासमोर बसे आणि बसल्या क्षणी कळा बडवायला लागे.

जुन्याकडच्या मुलांना सर गच्चीवर नेत. सकाळची गच्ची अजून गार असे. खडूने जमिनीवर मोठमोठ्या चौकटी आखायच्या, प्रत्येकीत एकाने पाटी घेऊन उभे राहायचे. एक मूल आज्ञा वाचून दाखवी, बाकीची आपापल्या पाटीवरचा आकडा बदलत. सर कठड्याला टेकून उभे.

"नसरीन, तू कोण?"

"मी बेरीज, सर."

"पाटीवर किती?"

"चाळीस."

"आता दुसरी फेरी सुरू झाली. आता किती?"

"शून्य."

"कुणी पुसली पाटी?"

ती पाटीकडे बघत राहिली. चाळीस तसेच होते. "कुणीच नाही. मला वाटलं, नवी फेरी म्हणजे..."

"मशीनले काय कळस, तुले काय वाटनं ते?"

सर वर्गात पुस्तकी मराठी बोलत; पण एखादी गोष्ट खरोखर सांगायची असली की त्यांच्या तोंडून गावाकडची बोली येई. यंत्राला काय कळणार तुला काय वाटलं ते. नसरीनने पाटी पुसली, आणि इतक्या सावकाश पुसली की ती चूक तिने पुन्हा कधीही केली नाही, याची मला खात्री आहे.

सत्राच्या शेवटी दोन्ही गटांना नव्या यंत्रांवर एकच काम दिले गेले. आमच्या ग्रंथालयासाठी आज्ञावली लिहायची: पुस्तक कोणाकडे गेले, कधी परत येणार, नवीन काय आले. दोन्ही गटांतले जे सगळ्यांत बरे उतरले ते खरोखर वापरून पाहायचे, एकेक महिना. वापरायचे मी. रोज वहीत लिहायचे मी. पहिल्या महिन्याला गिरीशचे, दुसऱ्याला नसरीनचे.

गिरीशचे काम पहिल्या आठवड्यातच तीनदा मध्येच थबकले. पडदा गोठे, रांगेत मुले उभी, आणि मी पुन्हा पेन आणि कार्डांकडे वळे. गिरीश धावत येई, काहीतरी ठोके, जाई.

"मॅडम, आता चालून राह्यलं ना?"

"चालतंय. पण बंद का पडत होतं?"

"ते काय मले ठाऊक नाही. दोन ओळी वर टाकल्या, एक खाली टाकली. चालते ना? बस्स!"

मी हे वहीत शब्दशः उतरवले, थोड्या आनंदाने.

नसरीनचे काम मात्र पाण्यासारखे. छोटे, चपळ, एकदाही अडखळले नाही. तिने प्रत्येक ओळ आधी कागदावर चालवलेली होती. तिची वही मी पाहिली होती, समास आकड्यांनी भरून गेलेले. मी सरांना रोज दारातच सांगे, "आजही बंद पडलं नाही." ते मान हलवत. मला वाटे, खोली राहिली. मनातल्या मनात मी ती आवरणे धुऊन, वाळवून पुन्हा यंत्रांवर चढवली होती.

महिना संपत आला तेव्हा मी नवीन पुस्तकांची यादी छापली आणि न वाचताच सूचनाफलकावर लावली. दुपारपर्यंत फलकापुढे गर्दी. यादीत सगळ्यांत वर घोड्यांच्या आजारांवरील उपचारांचे एक पुस्तक.

"बाई, घोडा कोणी घेतला? प्राचार्यांनी?"

"टांगेवाल्यांचा कोर्स सुरू करून राह्यले काय कॉलेजमध्ये?"

मी कपाटाकडे गेले. कोणा जुन्या देणगीदाराच्या संग्रहातून आलेले ते पुस्तक तळाच्या फळीवर होते, डांबरगोळ्यांच्या वासात, पानांना कसरीने नक्षी केलेली. अठराशे ब्याण्णव साली छापलेले, आणि 'नवीन' ठरत होते ते छापल्या सालावरून. नसरीनने वर्षाचे दोनच आकडे ठेवले होते, आणि तिच्या यंत्राच्या लेखी एका शतकापूर्वीचे ब्याण्णव आणि परवाचे ब्याण्णव यांत काहीही अंतर नव्हते. खाली आणखी अशी पाच-सहा पुस्तके निघाली.

सर आले, यादी वाचली, खुर्चीवर बसले. नसरीनला बोलावले गेले. ती आली तीच ओढणीचे टोक मुठीत धरून; फलकापुढची थट्टा तिने ऐकली होती.

"दोनच आकडे का घेतले, बेटा? या मशीनवर जागा भरपूर आहे."

"सर..." ती यादीकडे बघत म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं ना. दोन घरं वाचतात."

बाहेर कोणीतरी घोड्यासारखे खिंकाळले आणि पळाले. सरांनी ती यादी घडी करून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "चूक तुनी नही शे, बेटी. मनी शे." तुझी नाही, माझी.

ती गेल्यावर त्यांनी मला तिच्या आज्ञावलीची छापील प्रत मागितली आणि एका जागी बोट ठेवून विचारले, "ताई, परीक्षेच्या दिवसांत पुस्तकाची मुदत सातऐवजी दहा दिवस करायची असली, तर तुम्हाला यात कुठं बदल करायचा ते सापडेल?"

खरे तर मी ते आधीच करून पाहिले होते. गिरीशच्या पसाऱ्यात 'मुदत' हा अख्खा शब्द रोमन अक्षरांत लिहिलेला होता. मी तो वाचला आणि आकडा बदलला, कोणाला न विचारता. नसरीनच्या कामात एम होते, एम एक होते, एम दोन होते, आणि त्यांतले कोणते काय हे फक्त नसरीनला ठाऊक होते. मी दोन दुपारी त्यावर घालवल्या होत्या आणि वहीत त्यातले काहीही लिहिले नव्हते.

"सापडेल," मी म्हटले. "थोडा वेळ लागेल."

दोन दिवसांनी मी माझी नोंदवही नीट सुवाच्य करून सरांना दिली. खूप मन लावून लिहिली होती. नसरीनच्या कामाचा नेमकेपणा, तिचा संयम, चूक आधी कागदावर पकडण्याची शिस्त. गिरीशचे तीन वेळा थबकणे. भाषेवर मी बरेच कष्ट घेतले होते. सरांनी सगळी पाने शांतपणे वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून उलटली.

"ताई, यात घोडा नाही."

मी टेबलावरची पुस्तके सरळ करू लागले.

"तुम्ही लिहिलंय त्यात खोटं काही नाही. पण घोडा नाही. आणि ते मुदतीचंही नाही. दोन दुपारी तुम्ही त्या कागदावर बसल्या होत्या, नानांनी सांगितलं मला."

"सर, एवढ्यानं तुमची जागा जाईल."

"हो." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. त्या दिवशी सोमवार नव्हता, तरी डोळे लाल होते. "वर्षभर मी त्या पोरीला पाटी पुसायला लावली, ताई. आता माझी पाटी तशीच ठेवू?"

अहवाल त्यांनी स्वतः लिहिला, चौकटीच्या वहीत, दीड पान. तो टंकलिखित करायला माझ्याकडे आला, म्हणून मला आठवतो. जुन्या यंत्रावर शिकलेली मुले आपली चूक आपण शोधतात, घाई करत नाहीत, यंत्राला दोष देत नाहीत. हे पहिल्या परिच्छेदात. दुसऱ्यात, ही मुले जिथे गरज नाही तिथेही काटकसर करतात. ती यंत्राला समजेल असे लिहितात, माणसाला समजेल असे लिहीत नाहीत. ही सवय त्यांना मी लावली. आणि शेवटी, मुलांना जे खरे उपयोगी पडले ते वहीने आणि गच्चीने दिले. त्यासाठी जुनी यंत्रे ठेवण्याचे कारण मला आढळले नाही. नव्या यंत्रांवर बसवण्यापूर्वी पंधरा दिवस कागदावरचे काम कायम ठेवावे, ही विनंती.

मी ते टंकलिखित करताना एकही अक्षर चुकले नाही. त्याचा मला त्या दिवशी राग आला होता.

प्राचार्यांनी वाचून सरांकडे पाहिले. "अहो, हे तुम्ही तुमच्याच विरुद्ध लिहिलंय."

"जे दिसलं ते लिहिलं, सर."

"असं करू. पहिला परिच्छेद मंडळापुढं ठेवतो. पुढचं राहू द्या."

"मग सही माझी नको."

प्राचार्यांनी अहवाल अख्खा ठेवला. त्यांना दुसरे काही करता आले असते असे मला आज वाटत नाही.

एप्रिलच्या एका सकाळी हातगाडी आली. नाना आणि गाडीवाला एकेक यंत्र उचलून नेत होते. टीव्हींच्या काचांवर उन्हाचा एक एक तुकडा डोलत व्हरांड्यातून जाई. सर आवरणांच्या घड्या घालत बसले होते. त्यांनी खोलीला वळून पाहिले नाही, भाषण केले नाही, डोळे टिपले नाहीत. पिशवी खांद्याला लावून म्हणाले, "सव्वाबाराची मिळेल." सोमवारी ते आले नाहीत, मंगळवारीही नाहीत, आणि मला बरेच दिवस त्या रिकाम्या सोमवारांची सवय झाली नाही.

कागदाचे पंधरा दिवस वेळापत्रकात एक सत्र टिकले. मग एक पालक येऊन प्राचार्यांना विचारून गेले की इथे कॉम्प्युटर शिकवता की चित्रकला, आणि तो तास काढून टाकण्यात आला. मी तेव्हा काही बोलले नाही. बोलायला हवे होते की नाही हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्या वर्षांत आम्ही सगळेच फार लवकर दमत होतो.

चार-पाच वर्षांनी एका परीक्षेच्या कामासाठी धुळ्याला गेले. काम दुपारीच संपले. पत्ता विचारत सरांच्या घरी पोहोचले, तर त्यांच्या पत्नी ओट्यावर डाळ निवडत होत्या. मी नाव सांगितले. "आत ये, बैस," म्हणाल्या, आणि लगेच, "पण ते नहीत. क्लासले गयात. पाचव्या गल्लीत." मला वाटले, शिकवायला. बरे वाटले.

पाचव्या गल्लीत एका दुकानावरच्या मजल्यावर तो वर्ग होता. काचेचे दार, आत वातानुकूलित गारवा, नव्या गालिच्याचा वास, आणि ओळीने रंगीत पडदे. शिकवणारी मुलगी विशीतली, गळ्यात ओळखपत्र. मी सरांना तिच्या आसपास शोधत होते. ते शेवटच्या रांगेत बसले होते, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांच्या मध्ये. शर्ट तोच, केस पूर्ण पांढरे. उजव्या हाताखाली माउस. पडद्यावरचा बाण हव्या त्या जागेच्या कधी अलीकडे थांबे, कधी पलीकडे जाई.

"ताई!" ते उठायला लागले. मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. "बसा. तास संपायला वेळ आहे थोडा."

"सर, तुम्ही इथं... शिकताय?"

"त्या वर्षी सगळ्यांना तपासलं. एक जण राहिला होता." ते बोलताना पडद्यावरून नजर काढत नव्हते. "नसरीनचं पत्र आलं होतं. नाशिकला आहे. नावं आता पूर्ण लिहिते म्हणाली. वर्षंसुद्धा."

"आणि तुमचं काय? जुन्याचा काही उपयोग होतो का इथं?"

त्यांनी खरोखर विचार केला. "पहिले दोन महिने नुसता अडथळा. हात चुकीच्या जागी जातो, डोकं चुकीच्या जागी काटकसर करतं. ही पोरं माझ्यापुढं निघून गेली." शेजारच्या मुलाकडे मान वळवून म्हणाले, "हा तर उडतो."

मुलगा लाजून हसला. तेवढ्यात वीज एकदा लुकलुकली असावी. रांगेतल्या पाच-सहा पडद्यांवर एकदम राखाडी चौकटी उमटल्या आणि सगळे जागच्या जागी थिजले. मुलांनी सवयीने हात खाली घातले, बटणे दाबली. एकामागून एक पडदे काळे झाले आणि पुन्हा उजळू लागले. सरांचा तेवढा राखाडी राहिला. त्यांनी माउस सोडला, चष्मा कपाळावरून खाली ओढला, आणि खुर्ची पुढे घेतली.

"काका, बंद करून चालू करा ना," ती मुलगी लांबून म्हणाली. "सगळ्यांचं झालं."

"करतो, मॅडम," सर म्हणाले. "आधी ते काय म्हणतंय, तेवढं वाचू द्या."

आणि ते वाचत राहिले, ओठ हलवत, एकेका अक्षराला थांबत.